फोन खाली ठेवायचा, पण सगळ्यांनी मिळून

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. बहुतेक लोक शेतकरी नाहीतर साखर कारखान्यातले कामगार. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, लोक टीव्ही बंद करतात आणि फोन बाजूला ठेवतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की ज्याला जे पाहायचं ते त्याने पाहावं. २०२२ च्या १४ ऑगस्टला गावसभेत हे ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. कोरोनात शाळा फोनवर गेली होती. पुढे वर्ग भरू लागले तरी पोरांच्या हातातला फोन काही सुटेना, हे मूळ दुखणं. पहिल्यांदा पुरुष मंडळी हसली. बायकांनी मात्र आपलाही वेळ मालिकांत जातो हे कबूल केलं आणि कल्पना उचलून धरली.

त्या भोंग्याला कुणाच्या फोनचं नेट बंद करता येत नाही. ज्याला लपून रील्स बघायच्या आहेत तो बघू शकतो. भोंगा करतो ते एवढंच, की सगळ्यांचे फोन एकाच वेळी खाली जातात. त्या दीड तासात कुणाचं काही चुकत नाही, कारण कुणीच काही टाकत नसतं. सोशल मीडियापासून लांब राहण्याचं निम्मं कोडं मला इथेच सुटलेलं दिसतं. आपण मात्र ते प्रत्येकाच्या मनोनिग्रहावर सोडून देतो आणि मग आठ दिवसांत ॲप पुन्हा डाउनलोड करतो.

हे नुसतं गावाकडचं शहाणपण नाही. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ लिओनार्दो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या हजारावर कॉलेज विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की चार आठवडे टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम बंद ठेवायचं तर किती पैसे घ्याल? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर असं उत्तर आलं. म्हणजे या गोष्टी त्यांना चांगल्याच मोलाच्या वाटत होत्या. मग प्रश्न थोडा बदलला. तुमच्या कॉलेजातल्या जवळपास सगळ्यांनीच बंद केलं तर? आता हीच मुलं उलट स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. (टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, त्या जागी रील्स धरा.)

हा विरोधाभास वाटतो, पण नाही. ॲप आवडतं म्हणून मुलं तिथे आहेत, हे अर्धंच खरं. बाकीचे सगळे तिथे आहेत म्हणून तीही आहेत. एकट्याने बाहेर पडलं तर डब्याच्या सुट्टीतला विनोद कळत नाही, सहलीचं कुठे ठरलं ते कळत नाही. अर्थतज्ज्ञ याला सामूहिक सापळा म्हणतात. प्रत्येक जण दुसऱ्यामुळे अडकलेला, आणि सगळे एकदम उठले तर कुणालाच फार वाईट वाटणार नाही.

आता हे आपल्या घरात आणून बघा. तिसरीतल्या मुलाच्या आईला वर्गाच्या पालक-ग्रुपचा कंटाळा आलाय, पण उद्या पांढरे बूट घालायचे की काळे हे तिथेच कळतं. सोसायटीचा ग्रुप सोडला तर टँकर कधी येणार ते समजत नाही. आणि 'आपला परिवार' नावाच्या ग्रुपमधून बाहेर पडून बघा. अर्ध्या तासात मोठ्या आत्याचा फोन येतो, "काय रे, कुणी काही बोललं का तुला?"

म्हणून मी आधी दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक आहे फीड, म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब शॉर्ट्स. दुसरा आहे ग्रुप, मुख्यतः व्हॉट्सॲपचा. दोन्हींना सोशल मीडिया म्हणतात, पण त्यांच्यात अडकण्याची कारणं निराळी आहेत आणि सुटण्याचे मार्गही.

फीडमध्ये आपल्याला धरून ठेवते ती रचना. पान संपलं की पुढचं बघायला बटण दाबावं लागे, तेव्हा तिथे क्षणभर थांबायला जागा होती. २००६ च्या सुमारास एझा रास्किन या डिझायनरने न संपणाऱ्या पानाची कल्पना आणली, आणि ती जागा गेली. पुढे त्यांनी स्वतःच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. दुसरं कारण त्याहून जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला, तर कबूतर भूक भागेपर्यंत चोच मारतं. दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी विसाव्या चोचीला मिळाला, तर ते चोच मारतच राहतं. आपल्याही दहा रील्स टुकार निघतात आणि अकरावीला खळखळून हसू येतं. ती अकरावी कधी येणार हे ठाऊक नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. यात तुमचा स्वभाव कच्चा आहे असं काही नाही.

फीड सोडल्याने काय मिळतं? अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि इतर अर्थतज्ज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला. लोक थोडे अधिक समाधानी दिसले, राजकीय मतांचा ताठरपणा काहीसा कमी झाला. त्याच वेळी चालू घडामोडींची माहितीही घटली. 'थोडे' हा शब्द मुद्दाम वापरलाय. फेसबुक सोडलं आणि आयुष्य उजळलं, असं सांगणारे लोक बहुधा पुढच्या आठवड्यात त्यावर कोर्स विकतात. मोकळ्या झालेल्या तासाचं पुढे काय करता यावरच बरंचसं अवलंबून आहे. वडगावात त्या वेळेत मुलं अभ्यासाला बसतात, लोक वाचतात, बोलत बसतात. रिकामी वेळ रिकामीच ठेवली तर हात पुन्हा फोनकडे जातो.

फीडपासून लांब जायला कुणाची परवानगी लागत नाही. ॲप काढून टाका, संगणकावर बघा, सगळी नोटिफिकेशनं बंद करा. नाहीतर घरातल्या घरात वडगाव करा, म्हणजे जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन एका खोलीत, बाबांचासुद्धा. बाबांना वगळलं की नियम दोन दिवसांत मोडतो, हे वेगळं सांगायला नको.

ग्रुपचं दुखणं वेगळं आहे. तिथे करमणुकीपेक्षा कर्तव्य जास्त असतं. प्रत्येक ग्रुपसाठी एक प्रश्न विचारावा: इथलं काही मी दोन दिवस उशिरा वाचलं तर माझं किंवा कुणाचं नुकसान होईल का? उत्तर 'हो' आलं तर ग्रुप चालू. 'नाही' आलं तर कायमचा म्यूट करून ॲरकाइव्हमध्ये टाका. कायमचं म्यूट करण्याची सोय २०२० मध्ये आली. २०२१ पासून ॲरकाइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी वर उसळी मारत नाही. २०२२ पासून ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, पूर्वीसारखी सगळ्यांसमोर दवंडी पिटली जात नाही. आणि सेटिंग्जमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल' हा पर्याय २०१९ पासून आहे. तिथे 'माझे कॉन्टॅक्ट' एवढं केलं तरी प्लॉट विकणारे आणि शेअरच्या टिप्सवाले बरेच कमी होतात.

जवळच्यांच्या ग्रुपबाबत मात्र गुपचूप गायब होऊ नये. "मी ग्रुप रात्री एकदाच बघते, तातडीचं असेल तर फोन करा" असं एकदा सगळ्यांना सांगितलं की आत्याचा फोन येत नाही. एक बहीण ठाण्यात आणि दुसरी न्यू जर्सीत असेल तर हे सांगणं अधिकच गरजेचं. तिची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट, आणि पहाटे चारला वाजणाऱ्या फोनने आईच्या छातीत धडकी भरते. निळ्या खुणांचंही तसंच. वाचलं तरी उत्तर का नाही, या एका प्रश्नाने किती घरांत अबोला धरला गेलाय कोण जाणे. त्या खुणा बंद करता येतात, मात्र ग्रुपमध्ये त्या दिसतच राहतात.

आता दुसरी बाजू, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्याची. इथे जरा थांबायला हवं, कारण सभासदांनी मन आवरावं म्हणून लिहिलेले सल्ले पुष्कळ आहेत, ॲडमिनने काय करावं हे कुणी सांगत नाही. ॲडमिन बहुतेकदा अपघातानेच झालेला असतो. त्याने ग्रुप काढला, बाकीचे आत आले, संपलं.

कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवरची सकाळ बघा. सव्वासातला सचिवांचा मेसेज येतो, 'आज टाकी धुणार, दहा ते दोन पाणी बंद.' त्याखाली एक गुलाब आणि शुभ सकाळ. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाचा वाढदिवस, त्यावर वीसेक केक, आणि एका शुभेच्छेत भलत्याच मुलाचं नाव. मग कुठल्याशा डॉक्टरच्या नावाने हळदीचा उपाय. मग गेटसमोर लावलेल्या पांढऱ्या गाडीचा फोटो, ही कुणाची? साडेदहाला अंगाला साबण लावून उभा असलेला एक जण विचारतो, 'पाणी गेलं का?' उत्तर येतं, 'सकाळीच टाकलं होतं. वर बघा.'

चूक कुणाची? कुणाचीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. प्रत्येक मेसेज टाकणाऱ्याला फुकट पडतो, किंमत मात्र सगळ्यांचं लक्ष मोजतं. चराऊ कुरणं, मासेमारी, कालव्याचं पाणी यांच्याबाबत नेमका हाच पेच असतो, आणि अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर तो अभ्यासला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक गोष्ट सरकारने ताब्यात घेतली नाही किंवा खासगी मालकाला दिली नाही तर तिची वाट लागते, हा समज त्यांनी खोडून काढला. लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या ती नीट चालवतात, फक्त काही अटी पाळाव्या लागतात.

त्या अटी समजायला आपल्याला त्यांनी अभ्यासलेल्या स्वित्झर्लंडच्या कुरणांपर्यंत जायला नको. धुळे-नाशकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. बंधारा घालायचा, पाटाने पाणी फिरवायचं, पाणी मिळणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि एका फडात साधारण एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, आणि वरती शेतकऱ्यांचीच पंच कमिटी. पाटकरी मनाला येईल तसं पाणी सोडत नाही. पाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते, तो ती अमलात आणतो. ॲडमिनने स्वतःला ग्रुपचा पाटील समजण्याऐवजी पाटकरी समजावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑस्ट्रॉम यांची पहिली अट म्हणजे हद्द स्पष्ट हवी. ग्रुप कशासाठी आणि त्यात कोण, हे ठरलेलं असावं. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला भाडेकरू अजून ग्रुपमध्ये असेल, तर तुमच्या लिफ्टच्या भांडणाला बाहेरचा प्रेक्षक आहे. व्हॉट्सॲपने ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १,०२४ केली. एवढी माणसं घेता येतात म्हणून घ्यावीच असं नाही.

दुसरी अट, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत. ॲडमिनने रात्री अकराला चिडून टाकलेली बारा कलमी नियमावली कुणी पाळत नाही. तेच सोसायटीच्या सभेत किंवा पालकांच्या बैठकीत चहा पिता पिता दोन-तीन नियम ठरले तर बरेच जण पाळतात, कारण मोडणाऱ्याला शेजारी सांगतो, ॲडमिनला बोलावं लागत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी नियम म्हणजे दोन ग्रुप करणं. एक सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात (ही सोय २०१८ पासून आहे), आणि दुसरा गप्पांचा, ज्यात गुलाब, केक, हळद सगळं चालतं. पहिला सगळ्यांना सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. टाकी धुण्याचा निरोप मग वाढदिवसाखाली गाडला जात नाही. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, हा दुसरा नियम. तोही एकाने पाळून भागत नाही, सगळ्यांचा म्हणून ठरावा लागतो.

इथे शुभ सकाळवाल्यांची बाजू घ्यायलाच हवी. निवृत्त झालेले, एकटे राहणारे काका रोज सहा वाजता सूर्योदयाचं चित्र पाठवतात. ती त्यांची हजेरी असते. एक दिवस चित्र आलं नाही तर कुणीतरी दार वाजवून येतो. त्यांना ग्रुपवर चारचौघांत टोकणं सोपं आहे, पण ज्याला माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे तोच मग गप्प होतो. त्यांना गप्पांच्या ग्रुपमध्ये मानाची जागा द्यावी.

तिसरी अट मला फार आवडते. नियम मोडणाऱ्याला शिक्षा असावी, पण पायरीपायरीने. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आठ महिने कुणी काही बोलत नाही आणि मग एके दिवशी थेट 'रिमूव्ह'. काढलेला माणूस पुढच्या गणपतीची वर्गणी देत नाही, लिफ्टमध्ये भेटला तर भिंतीकडे बघतो. त्यापेक्षा पहिल्यांदा खासगीत साधा निरोप पाठवावा: 'काका, तो ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी ठेवायचं सभेत ठरलंय ना. हे गप्पांच्या ग्रुपवर टाकाल का?' दुसऱ्यांदा फोन करावा, कारण लिहिलेल्या शब्दाचा सूर कळत नाही. तिसऱ्यांदा मेसेज पुसावा आणि का पुसला ते ग्रुपवर एका ओळीत सांगावं. काढणं अगदी शेवटी, तेही एकट्या ॲडमिनने नाही, दोघातिघांनी ठरवून.

एका बाबतीत मात्र पायऱ्या चढत बसू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत फोनवरून गावोगाव पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. बंदी नव्हती, फक्त एकदाऐवजी दहादा बोट दाबावं लागत होतं. तेवढ्या कंटाळ्यानेही खूप फरक पडला. दुहेरी बाणाचा, म्हणजे खूप वेळा पुढे पाठवलेला मेसेज आला आणि त्यात मुलं, जात, धर्म, विष किंवा दंगल असं काही असलं, तर ॲडमिनने आधी पुसावा, मग चौकशी करावी. खरा निघाला तर पुन्हा टाकता येतो.

पण माझ्या ग्रुपवर दुसऱ्याने काही टाकलं तर पोलीस मला धरतील का, ही ॲडमिन मंडळींची नेहमीची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असं प्रकरण आलं होतं. सभासदाने एका महिला सभासदाबद्दल अश्लील भाषा वापरली, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. २०२१ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. ॲडमिनच्या हाती सभासद घेणं आणि काढणं एवढंच असतं, मेसेज पडण्याआधी तो अडवता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. केरळ उच्च न्यायालयानेही पुढच्या वर्षी तसाच निकाल दिला. अर्थात तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोयच नव्हती, ती २०२२ मध्ये आली. कायदा काहीही म्हणो, पुसता येत असताना न पुसणाऱ्याची नैतिक बाजू पूर्वीपेक्षा लंगडी झाली आहे.

हे सगळं करता करता ॲडमिन थकतो. दिवसभर नोकरी करून रात्री दोन शेजाऱ्यांच्या भांडणात पंच व्हायचं, हे बिनपगारी काम आहे. म्हणून ॲडमिन किमान तीन असावेत आणि वर्षाला बदलावेत, सोसायटीची कमिटी बदलते तेव्हा बदलले तर उत्तम. पालकांच्या ग्रुपमध्ये सगळं काम आयांवरच पडतं, एक तरी बाबा ॲडमिन असावा. आणि ॲडमिनलाही सुट्टी असावी: 'पुढचे आठ दिवस मी ग्रुप बघणार नाही, जोशी बघतील.'

काही ग्रुप तर बंदच करायचे असतात. सहलीचा, लग्नाच्या तयारीचा, एका वर्षाच्या गणेशोत्सवाचा. काम संपलं की त्यांच्यात उरतात फक्त फॉरवर्ड. पण ॲडमिन नुसता बाहेर पडला की ग्रुप बंद होत नाही. एकटाच ॲडमिन निघून गेला तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणाला तरी आपोआप ॲडमिन करतं, तेही त्या बिचाऱ्याला न विचारता. त्यामुळे आधी फोटो आणि हिशोब उतरवून घ्यायला सगळ्यांना आठवडाभर द्यावा, वर्गणीचा शेवटचा जमाखर्च टाकावा, मग एकेकाला काढावं, शेवटी स्वतः बाहेर पडून ग्रुप डिलीट करावा. साठ-सत्तर जणांना काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आधी सांगून ठेवलं नसेल तर तेवढ्यात चारपाच जण रुसून फोन करतात.